नाव चुकले नाही, निरोप चुकला

चूक दाखवण्याच्या तऱ्हा आपल्याकडे किती आहेत पाहा. आई म्हणते, “अगं, तारीख घालायची राहिली बघ.” मास्तर वहीच्या समासात लाल फुली मारतात. कचेरीतले कारकून ‘त्रुटिपूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारून कागद माघारी धाडतात. चूक तिन्ही ठिकाणी तीच; पण आईचे वाक्य ऐकून हात लेखणीकडे जातो, फुली पाहून मान खाली जाते, आणि शेरा वाचला की माणूस कचेरीत कोणी ओळखीचे आहे का ते शोधू लागतो. या मंडळींत आता चौथ्याची भर पडली आहे. हा चौथा म्हणजे संगणकावरचा अर्ज. तो एकच शब्द बोलतो: ‘अवैध’.

मराठीच्या प्राध्यापकाला ही उठाठेव कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे असे झाले. आमचा एक माजी विद्यार्थी पडघ्याला राहतो आणि संकेतस्थळे बांधण्याचा व्यवसाय करतो. शिष्यवृत्त्या देणाऱ्या एका न्यासाचा अर्ज दुसऱ्या कोणी तरी बांधलेला होता. तो नीट करण्याचे काम याच्याकडे आले. त्याच सुमारास जवळच्या पाड्यावरच्या दोन मैत्रिणी तो अर्ज भरायला बसल्या. त्यांची खरी नावे सांगण्याचे कारण नाही. एकीला कमल म्हणू, दुसरीला गौरी. कमलचा अर्ज सरळ पुढे गेला. गौरीला उत्तर आले, ‘अवैध नाव. फक्त अक्षरे लिहा.’ तिने पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी शिधापत्रिका आणि शाळेचा दाखला घेऊन ती या मुलाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, माझ्या नावात काय चूक आहे?” मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

नावात चूक काहीच नव्हती. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक खुणेला क्रमांक देणारी युनिकोड नावाची एक व्यवस्था आहे. तिच्या लेखी ‘ग’ आणि ‘र’ ही अक्षरे. पण औकार आणि वेलांटी या नुसत्या ‘खुणा’. पायथन या संगणकी भाषेत ‘हे सगळे अक्षरच आहे का?’ असे विचारणारी एक तयार चाचणी आहे. ती खुणांना अक्षरांत धरत नाही. अर्ज बांधणाऱ्याने ती चाचणी तशीच उचलून लावलेली. म्हणून काना, मात्रा, वेलांटी नसलेल्या कमल, शरद, गणपत यांना दार उघडे. आणि गौरी, शीला, विठोबा बाहेर! अक्षयलासुद्धा प्रवेश नाही, कारण ‘क्ष’च्या पोटात एक हलन्ताची खूण दडलेली असते. मोजदादीचीही तीच गंमत. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्या कानाला चार अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी तो अकरा तुकड्यांचा.

चाचणी बदलण्याचे काम त्या मुलाने तासाभरात केले आणि गौरीचा अर्ज मुदतीत गेला. पण एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. “सर,” तो मला म्हणाला, “नियम चुकला होता आमचा आणि निरोप सांगत होता की पोरगी चुकली. सगळे निरोप मराठीत नव्याने लिहायचे आहेत. तुम्ही बसाल का?” मी बसलो.

अशा कामासाठी प्रोग्रामर मंडळी एक तयार सांगाडा वापरतात. त्याला ते फ्रेमवर्क म्हणतात. त्यातला जँगो नावाचा सांगाडा अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाला आणि २००५ साली सर्वांना खुला झाला. चौकोन रिकामा राहिला, मजकूर फार लांब झाला, तारीख तारखेसारखी दिसली नाही, अशा प्रत्येक प्रसंगासाठी त्यात एक ठरावीक वाक्य आधीच भरलेले असते. ते पसंत नसेल तर त्या चौकोनापाशी, त्या प्रसंगापुढे आपले वाक्य लिहायचे. यंत्र मुकाट्याने तेच बोलते. सोय इतकी सोपी आहे. तरी पुष्कळ ठिकाणी ती वापरली जात नाही, आणि सांगाड्याचे इंग्रजी किंवा त्याचे ओढूनताणून केलेले भाषांतर आपल्या कपाळी येते.

मराठीला तर ही सोय वापरल्यावाचून गत्यंतरच नाही. कारण व्याकरण. लारावेल नावाच्या दुसऱ्या एका सांगाड्यात संदेशाच्या मध्ये एक जागा मोकळी असते. तीत यंत्र चौकोनाचे नाव घालते आणि बाकीचे वाक्य सगळीकडे तेच ठेवते. इंग्रजीत हे खपून जाते. मराठीत पत्ता चुकीचा असतो, जन्मतारीख चुकीची असते आणि नाव चुकीचे असते. तीन लिंगांना एकच वाक्य कसे पुरणार? त्यातून सामान्यरूपाचा प्रश्न वेगळाच. आपण ‘पत्त्यात’, ‘जन्मतारखेत’ म्हणतो. यंत्र ‘पत्तामध्ये’, ‘जन्मतारीखमध्ये’ असे बोबडे बोलते. तेव्हा प्रत्येक चौकोनाचे वाक्य स्वतंत्र लिहावे लागते. आम्ही तसे लिहिले. ‘अवैध’ हा शब्द मी पहिल्याच बैठकीत काढून टाकला. अवैध दारू, अवैध वाळूउपसा यांच्या शेजारी पोरीचे नाव कशाला बसवायचे?

मग ‘अवैध दिनांक’च्या जागी आले, ‘जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहा, जसे ०५-०८-२००७.’ ‘मोबाइल क्रमांक अमान्य’ याच्या जागी आले, ‘मोबाइल क्रमांक दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे लिहिले आहेत.’ निरोप त्या चौकोनाच्या शेजारीच उमटेल आणि आधी भरलेला मजकूर पुसला जाणार नाही, हेही त्या मुलाने पाहिले. नुसती लाल चौकट काढून भागत नाही. ज्याला रंग दिसत नाही, किंवा जो पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबून आहे, त्याला शब्दच हवेत; २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-नियमांतही चूक शब्दांत सांगावी असे कलम आहे.

एका ठिकाणी मात्र मोघम बोलणेच शहाणपणाचे. प्रवेशाच्या पानावर ‘वापरनाव किंवा पासवर्ड जुळत नाही’ एवढेच म्हणावे. दोहोंपैकी कोणते चुकले ते सांगितले, तर वापरनावे चाचपडत बसणाऱ्या चोराला आपणच वाट दाखवल्यासारखे होते.

खरा पेच पुढे आला. ‘वडिलांचे नाव आवश्यक आहे’ या निरोपाला आम्ही कारण जोडू लागलो. ‘वडिलांचे नाव लिहा, कारण...’ आणि वाक्य तिथेच अडले. न्यासाला गुणपत्रिका हवी होती, उत्पन्नाचा दाखला हवा होता. वडिलांच्या नावावाचून त्याचे काहीच अडत नव्हते. पूर्वीच्या छापील अर्जात ती ओळ होती म्हणून ती यातही आली, एवढेच. आईने एकटीने वाढवलेल्या मुलाने तिथे काय लिहावे? महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरवले की १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापाठोपाठ शासकीय कागदपत्रांत आईचे नाव यावे. काळ इतका पुढे आला, तरी आपला चौकोन जुन्याच ओळीवर अडून! न्यासाच्या विश्वस्तांनी हे ऐकून घेतले आणि ती सक्ती काढली. निरोपाला कारण सापडले नाही, म्हणून नियमच गेला.

माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे सार हेच. चुकीचा निरोप चांगल्या मराठीत लिहायला बसले की नियमाची परीक्षा होते. साध्या वाक्यात ज्याचे कारण सांगता येत नाही, तो नियम बहुधा कोणाला तरी विनाकारण अडवत असतो. ‘अवैध’सारखा जड शब्द त्या नियमाची लाज झाकतो. गौरीला सांगितले गेले ‘फक्त अक्षरे लिहा’. तिथे खरे बोलायचे झाले असते तर ‘आम्हाला वेलांटी वाचता येत नाही’ असे लिहावे लागले असते. हे वाक्य लिहिताना कोणीही थबकला असता आणि आधी चाचणी सुधारली असती.

पडघ्याचे नाव वीज खात्यातल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची एक वाहिनी येथवर येते. १९९९ साली ती सुरू झाली. तिच्यातून पाच लाख व्होल्ट दाबाची एकदिश वीज येते. ती जशीच्या तशी कोणाच्या घरात सोडत नाहीत. इथल्या केंद्रात ती प्रत्यावर्ती होते, पुढे टप्प्याटप्प्याने दाब उतरतो, आणि मग कुठे आपल्या माजघरात दिवा लागतो. यंत्राचा निरोप माणसापर्यंत पोचवायचा तर असेच एखादे केंद्र मध्ये हवे, आणि ते चालवायला मराठी जाणणारा माणूस हवा.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-मुली, सुना-जावई याच व्यवसायात आहेत. दिवाळीला सारी घरी येतील. फराळ झाल्यावर त्यांना म्हणा, तुम्ही बांधलेल्या अर्जातले चुकांचे निरोप जरा आजीला मोठ्याने वाचून दाखवा. आजीने “म्हणजे मी आता काय करू?” असे विचारले, तर ते वाक्य पुन्हा लिहायचे. ती निमूटपणे चष्मा पुसून चौकोन भरू लागली, तर समजावे, निरोप पोचला.