डास मोजा, पण जात ओळखून

जून हा हिवताप प्रतिरोध महिना. पावसाळ्याच्या तोंडावर लोकांना सावध करणं योग्यच आहे. पण रायगड जिल्ह्यातल्या मुरुडसारख्या तालुक्यात हिवतापाचा धोका पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो, असं धरून चालणं घातक आहे. हा रोग ॲनोफिलीस डासाची मादी पसरवते आणि या डासाच्या जाती अनेक. प्रत्येकीचं पाणी वेगळं, हंगाम वेगळा, माणसाच्या रक्ताची ओढही वेगळी. म्हणून या डासांची जातवार नोंद बाराही महिने, त्याच ठरलेल्या जागी, वर्षानुवर्षं व्हायला हवी. नुसते रुग्ण मोजून भागणार नाही.

मुरुडची जमीनच बघा. किनाऱ्याला नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत विहीर आणि शिंपण्यासाठी भरून ठेवलेली टाकी, मागे भातखाचरं, त्याही मागे फणसाडच्या जंगलातून उतरणारे ओहोळ. विहिरी-टाक्यांतलं स्वच्छ पाणी ॲनोफिलीसच्या स्टीफेन्साय या जातीला मानवतं, आणि ते भर वैशाखातही हाताशी असतं. लॉजच्या गच्चीवरची झाकण नसलेली टाकी तिला विहिरीइतकीच सोयीची. खाचरांत आणि डबक्यांत पावसाळ्यात क्युलिसिफेसीस आणि सबपिक्टस या जाती वाढतात. फ्लुव्हिॲटिलिसला मात्र गवताच्या आडोशाचं, संथ वाहणारं ओहोळाचं पाणी लागतं; पाऊस ओसरून थंडी पडू लागते तेव्हा तिचे दिवस येतात, आणि तोवर जूनच्या मोहिमेचा जोर संपलेला असतो. शिवाय संख्या म्हणजे धोका नव्हे. पावसाळ्यात गोठ्यात ढिगाने सापडणारी सबपिक्टस बहुतेक गुरांनाच चावते (गोव्याच्या किनाऱ्यावर तीही रोगवाहक ठरली आहे, हे विसरू नये), तर फ्लुव्हिॲटिलिसची माणसांना चावणारी उपजात थोडी असूनही गावभर ताप पसरवू शकते.

वर्षावर्षातला फरक तर आणखी फसवा. आषाढातला मुसळधार पाऊस ओहोळातल्या अळ्या वाहून नेतो. पाठोपाठ आठ-दहा दिवसांची उघडीप मिळाली, तर डबक्यांत एक पूर्ण पिढी तयार होते. एकूण पाऊस तेवढाच पडूनही दोन वर्षांतले डास वेगळे असू शकतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्यांची सावलीच मोडली. अशा उलथापालथीने डासांचं काय झालं हे कळायला आधीच्या काही वर्षांचे आकडे हाताशी लागतात.

यावर पहिला आक्षेप असा, की रुग्ण कमी असताना हा खर्च कशाला? याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 1965 च्या सुमारास देशातले रुग्ण लाखभरावर आले होते. 1976 मध्ये ते 64 लाखांच्या वर गेले. रुग्णांचा आकडा नेहमी डासाच्या मागून येतो. बाधित रक्त प्यायल्यावर मादीच्या पोटात जंतू पक्व व्हायलाच दहा-बारा दिवस जातात, त्यानंतर माणसाला ताप. उलट, जात ओळखल्याचा उपयोग मुंबईने फार पूर्वी पाहिला आहे. हिवतापाचे अभ्यासक बेंटली यांनी 1911 च्या अहवालात शहरातल्या हिवतापाचा माग थेट विहिरींतल्या स्टीफेन्सायपर्यंत काढला, आणि विहिरी बंद करण्याला त्यातून आधार मिळाला. धूरफवारणीने लोकांना दिलासा मिळतो हे खरं, पण तिने विहिरीतली अळी मरत नाही.

मनुष्यबळाचा आक्षेप मात्र रास्त आहे. कीटक समाहारक हे पद आरोग्य खात्यात आहे, पण एका माणसाने किती गावं फिरायची? तरी पहिली चाळणी आशाताई किंवा शाळेतली मुलंही करू शकतील. पांढऱ्या पळीत पाणी घेतलं, की ॲनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी दिसते, क्युलेक्स या दुसऱ्या डासाची डोकं खाली करून लटकते. पुढची ओळख, म्हणजे मादीच्या स्पर्शकांवरचे पांढरे पट्टे आणि पायांवरचे ठिपके तपासणं, हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रशिक्षित माणसाचंच काम. या नोंदीसाठी तालुक्यात चार जागा पुरेत: वाडीतली एक विहीर, एक खाचर, फणसाडच्या पायथ्याचा एक ओहोळ आणि एका लॉजची टाकी. दर पंधरवड्याला तिथे जायचं आणि काही सापडलं नाही, तर तो शून्यही वहीत लिहायचा.