शोरूममधलं कर्ज आणि कोऱ्या कागदावरची सही



रमजानच्या आधी रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचा फोन आला. शौहर कुवेतला, म्हणून गाडी आणि कर्ज दोन्ही तिच्या नावावर. शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "फक्त सात टक्के व्याज, भाभी." सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, 13,500 रुपये हप्ता. बारा-पंधरा सह्या घेतल्या, त्यातले निम्मे कागद कोरे. आता शौहरने पैसे जमवून कर्ज लवकर फेडायचं ठरवलं, तर बाकी त्यांच्या हिशेबापेक्षा बरीच जास्त निघाली. "आम्हाला फसवलं का?" एवढंच तिला विचारायचं होतं.

सात टक्के खोटं नव्हतं, पण ते 'फ्लॅट' होतं. म्हणजे पाचही वर्षं पूर्ण सहा लाखांवर व्याज: वर्षाला 42,000, एकूण 2,10,000. खरं तर मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं. त्या कमी होणाऱ्या बाकीवर हिशेब मांडला, तर हाच हप्ता साडेबारा टक्क्यांच्या कर्जाचा निघतो. तेच कर्ज एखाद्या बँकेत साडेनऊने मिळालं असतं, तर हप्ता 12,600 च्या आसपास बसला असता. पाच वर्षांत 54,000 रुपयांचा फरक! आणि साडेनऊपेक्षा सात कमी, म्हणून आपण शोरूमवाल्याचेच आभार मानतो.

(व्याजाचा शरई मसला उलेमांना विचारा, तो माझा अधिकार नाही. पण सूरह बकरामधली सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि तिथे मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्याने. आपण मात्र कोऱ्या कागदावर सही करून येतो.)

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. हप्त्यांचा तक्ता असतो, मुदतीआधी फेडल्यास काय आकार लागेल तेही असतं. हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, त्यातला मजकूर समजावून सांगायला हवा आणि विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

या भगिनीचं कर्ज 2025 चं. पिशवी उपसल्यावर तो कागद सापडला. इंग्रजीत, तिच्या सहीसह, एपीआर तेराच्या वर. कुणी वाचून दाखवला नव्हता. तक्रार उभी राहते ती इथे.

विम्याचंही तसंच. "आमच्याकडूनच घ्या, नाहीतर डिलिव्हरी नाही" असं सांगणं ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे निर्बंधात्मक व्यापार प्रथेत मोडतं. विमा कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवा.

हप्ता चुकला तर गुंड पाठवून रस्त्यात गाडी ओढून न्यायची मुभा कुणाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये प्रकाश कौर प्रकरणात अशा वसुलीला सुनावलं आहे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर येता कामा नयेत. पण हप्ता थकवून गप्प बसू नका, लेखी मुदत मागा. घरात एकट्या बाईला धमकावलं, तर फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा, पोलिसांत जा.

घरगुती गाडीचं कर्ज फिटलं की तीस दिवसांत कागद परत मिळायला हवेत आणि बोजाही उतरवला जायला हवा. त्यांच्यामुळे उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओतून आरसीवरचं फायनान्सचं नाव काढून घ्या. हे राहून जातं आणि गाडी विकताना आठवतं.

तक्रार आधी कर्ज देणाऱ्याकडे, लेखी, पोच घेऊन. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, चौकशीचा नंबर 14448. डीलरविरुद्ध 1915 वर फोन करा किंवा जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत अर्ज द्या. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तो करता येतो, मुंबईला खेटे नकोत.

त्या भगिनीने मराठीत अर्ज लिहिला: मजकूर समजावला नाही, कोऱ्या कागदांच्या प्रती द्या, बाकीचा हिशेब महिनावार द्या. स्पीड पोस्टाने गेला आहे, पावती तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्तराची वाट पाहतोय.