शेवाळाचे इंधन आणि पाण्याची किंमत

हिंजवडीच्या परिसरातील शेतांतून, गोठ्यांतून आणि वसाहतींतून वाहणारे पाणी मुळेकडे उतरते. मुळा-मुठा ते भीमेत नेते आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात ते येऊन थबकते. पुण्या-पिंपरीच्या मैल्याबरोबर आलेल्या नत्र-स्फुरदावर तेथे शेवाळ फुकट पोसते. त्याची कापणी कोणी करीत नाही. पाणी हिरवे झाल्याची तक्रार तेवढी होते. सूक्ष्म शेवाळ व जिवाणू यांच्याकरवी सांडपाणी शुद्ध करून त्यातूनच इंधन मिळवावे, या कल्पनेचा विचार वरच्या अंगालाच करावयास हवा.

तिच्यामागील शास्त्र सरळ आहे. शेणामुताच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू कुजवितात. त्यातून सुटलेला कर्बवायू, अमोनिया व स्फुरद शेवाळ घेते आणि सूर्यप्रकाशात प्राणवायू देते. तोच जिवाणूंना हवा असतो; साहजिकच हवा भरणाऱ्या यंत्रांची वीज वाचते. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकातच हे दाखवून दिले होते. अडचण येते ती पुढे. लिटरभर पाण्यात शेवाळ जेमतेम अर्धा-एक ग्रॅम; ते गाळणे, वाळविणे व त्याचे तेल काढणे यांतच मिळकत संपते. अमेरिकी सरकारने १९७८ ते १९९६ हा खटाटोप केला, एक्झॉनमोबिल कंपनीने २००९ ते २०२३. दोघांनीही तो सोडला.

तेलाला मुख्य उत्पादन मानण्यातच चूक आहे. मुख्य उत्पादन स्वच्छ पाणी होय. ओले शेवाळ शेणाबरोबर गोबरगॅसच्या टाकीत घातले, तर वाळविण्याचा खर्च टळतो आणि उरलेली मळी शेतास खत म्हणून जाते. परंतु खरा पेच हिशेबाचा आहे. केंद्राच्या ‘सतत’ योजनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये दाबाखाली भरलेल्या जैववायूला किलोमागे ४६ रुपये भाव देऊ केला. नदीत जाण्यापासून रोखलेल्या नत्राला मात्र तीत भाव नाही. घाण सोडणे फुकट आणि ती अडविणे खर्चाचे, अशा व्यवहारात मुळशीकडचा गोठेवाला वीतभर खोलीचे विस्तीर्ण तळे कशासाठी खणील? खर्च त्याचा, लाभ इंदापूर-करमाळ्याच्या जलाशयकाठच्या गावांचा. शिवाय आयटी पार्कमुळे चढलेल्या भावाच्या जमिनीवर शेवाळ पिकविणे हा विनोदच ठरेल.

तेव्हा तळ्यांचा खर्च पाणी वापरणाऱ्या शहरांनी उचलावा आणि रोखलेल्या नत्र-स्फुरदाच्या मापाने गोठेवाल्यास मोबदला द्यावा. शहरांचा स्वतःचा मैला नदीत जात असता त्याच्यावर दंडाचा बडगा उगारणे न्यायाचे नव्हे.