जुनी काळी खिडकी



गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या काकांच्या दुकानाचा कॉम्प्युटर बिघडला. बिघडवला मीच. चुलतभावाला कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी जावा हवी होती, म्हणून 'आपला इंजिनिअर' बोलावला होता.

विंडोजमध्ये 'पाथ' नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं. आपण नुसतं प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, की तो कुठकुठल्या फोल्डरमध्ये शोधायचा, त्याची ती यादी. त्यात जावाचं फोल्डर शेवटी जोडायचं होतं. माउसने खिडक्या उघडत बसायचा कंटाळा, म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'सेटएक्स' चालवलं: जुना पाथ, अर्धविराम, नवं फोल्डर आणि सगळ्या मशीनला लागू व्हावं म्हणून स्लॅश एम. खाली 'सक्सेस' आलं.

सेटएक्सने केलेला बदल चालू खिडकीत दिसत नाही, म्हणून दुसरी उघडली. जावा सापडेना. तेवढ्यात काकांनी बिलांचा रिपोर्ट काढायला आयकॉन दाबला, तर तोही चालेना. तारीख वीस, जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. काका काही बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं. ते जास्त लागलं.

मग पहिल्या खिडकीत 'सक्सेस'च्या वरची ओळ वाचली. सेटएक्स १०२४ अक्षरंच ठेवतं, पुढचं कापून टाकतं. तशी सूचना ते देतंही, पण वाचतो कोण! काकांची यादी लांबलचक होती. रिपोर्टचं फोल्डर शेपटात होतं, ते गेलं. जावाचं तर पोचलंच नाही.

वाचवलं त्या पहिल्या खिडकीनेच. उघडताना मिळालेला पाथ ती बंद होईपर्यंत जवळ ठेवते. तिथे 'एको' करून पाथ छापला, तर जुनी यादी पूर्ण! नोटपॅडमध्ये उतरवली. त्यात सिस्टिमचा आणि युजरचा असे दोन्ही पाथ एकत्र येतात, म्हणून युजरचे वेगळे काढले आणि बाकीचे सेटिंगमध्ये जाऊन परत भरले. मी ती खिडकी सवयीने बंद केली असती तर काय, हा विचार तेव्हा करवला नाही.

रिपोर्ट पावणेसातला निघाला, रिटर्न भरलं गेलं. आता पाथला हात लावण्याआधी मी तो एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवतो, आणि बदल माउसनेच करतो. जावाचं फोल्डरही त्या संध्याकाळी तसंच जोडलं.

काका मात्र अजून विचारतात, "आज काही टाइप नाही ना करणार?"