आयोवाची ती रात्र आणि आपली कच्ची वही

आमच्या बाजारातील व्यापारी संघटनेच्या मागील बैठकीत एका तरुण सभासदाने सूचना मांडली की, पदाधिकाऱ्यांची निवडणूक यापुढे मोबाईलवर घ्यावी. एका कंपनीचे दरपत्रकही तो सोबत घेऊन आला होता. बहुतेकांनी माना डोलावल्या. कंपनी कोणाची, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "आपल्याच माणसाची आहे, चाचा." या एका उत्तरामुळे हे चार शब्द लिहीत आहे.

व्यापारी बांधवांनी अमेरिकेतील आयोवा राज्याचा किस्सा ऐकला असेल, पण तो खरेदीदाराच्या नजरेने फार कमी लोकांनी पाहिला. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना डेमोक्रॅटिक पक्षात आयोवाचा पहिला मान 1972 पासून चालत आला होता. लोक शाळांत, सभागृहांत जमत, उमेदवारागणिक गट करून उभे राहत आणि डोकी मोजली जात. 2020 मध्ये काही मशिदींतही अशा सभा भरल्या होत्या. 3 फेब्रुवारी 2020 च्या रात्री सुमारे सतराशे ठिकाणचे आकडे मुख्य कचेरीत पोहोचायचे होते. त्यासाठी पक्षाने 'शॅडो' नावाच्या कंपनीकडून मोबाईलचा प्रोग्राम बनवून घेतला होता. शॅडो म्हणजे सावली. नावावरूनच कोणी शहाणा सावध झाला असता!

ही कंपनीही 'आपल्याच माणसांची' होती. तिचे काही प्रमुख लोक 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारात काम केलेले होते. पक्षाने तिला सुमारे 63 हजार डॉलर मोजले. प्रोग्राम अवघ्या दोनेक महिन्यांत घाईने तयार झाला. तो फोनवर उतरवण्याची वाटही नेहमीची नव्हती, चाचणीच्या मालासाठी असते ती आडवाट होती. सभा चालवणारे बरेचसे वयस्क स्वयंसेवक. कोणाला तो फोनवर घेता आला नाही, कोणाला आत शिरता आले नाही. मग सगळ्यांनी कचेरीला फोन लावायला सुरुवात केली आणि त्या लाईनी तुंबल्या. जे आकडे प्रोग्राममधून पोहोचले, तेही कचेरीत अर्धवट दिसू लागले, कारण आत कोडची चूक होती.

त्या रात्री निकाल लागलाच नाही. पूर्ण आकडे यायला 6 फेब्रुवारी उजाडली. पीट बुटिजेज आणि बर्नी सँडर्स यांच्यात अगदी थोडे अंतर होते, त्यामुळे संशयाला ऊत आला. त्यातच बुटिजेज यांच्या प्रचार कचेरीने पूर्वी याच कंपनीकडून दुसरी एक सेवा विकत घेतली होती, हे बाहेर आले. लबाडीचा पुरावा कोणालाच मिळाला नाही, पण संशयाला पुरावा लागत नाही. राज्यातील पक्षाध्यक्ष ट्रॉय प्राइस यांनी 12 फेब्रुवारीला राजीनामा दिला. अमानतीचा कारभार हाती असेल तर नुसती दयानत पुरत नाही, ती चार लोकांना दिसावी लागते.

मग आयोवा वाचले कशाने? कागदाने. त्या वर्षी प्रथमच प्रत्येक मतदाराने आपली पसंती कार्डावर लिहून दिली होती. आकडे तपासायला तोच आधार उरला. नेव्हाडा राज्यानेही याच कंपनीशी सौदा केला होता. आयोवाची फजिती पाहून त्यांनी तो प्रोग्राम बाजूला ठेवला आणि 22 फेब्रुवारीच्या आपल्या मतदानात साधी मोजणी व कागद हाताशी ठेवला.

सगळा दोष विकणाऱ्यावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने राष्ट्रीय पक्षालाही जबाबदार धरले. त्यांनी ऐन वेळी प्रोग्रामला नवे जोडकाम करायला लावले होते. ताणा लागल्यावर डिझाइन बदलायला सांगणारे गिऱ्हाईक आपण सर्वांनी पाहिले आहे. थान बिघडले की शिव्या मात्र कारागिरालाच.

ही अमेरिकेचीच गोष्ट, असेही नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात लिबरल पक्षाने 6 जून 1992 रोजी टेलिफोनवरून नेता निवडायला घेतला, यंत्रणा कोसळली आणि दोन आठवड्यांनी मतदान पुन्हा घ्यावे लागले. ब्राझीलमध्ये पीएसडीबी पक्षाचे 21 नोव्हेंबर 2021 चे मोबाईल मतदान बंद पडले. सभासदांना आपला चेहरा ओळखवून घेता येईना. आठवड्याने दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम आणून 27 तारखेला ते पुरे केले, तेव्हा ज्वांव दोरिया यांची निवड झाली.

माझीही गोष्ट सांगून टाकतो. जीएसटी आल्यावर मी बिलाचा प्रोग्राम घेतला, तोही ओळखीच्या माणसाकडून. 2018 च्या रमजानात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, तो एकेका बिलाची दोन-दोन बिले काढू लागला. विकणारा फोन उचलेना. आमच्या मुनीमजींनी मला न विचारता कच्ची वही चालू ठेवली होती, म्हणून उधारीचा हिशोब लागला. त्यापूर्वी मी त्यांना त्या वहीवरून दोनदा हसलो होतो. सूरा बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे, हे मला शाळेत पाठ होते. तरी अक्कल आली ती त्या रात्री.

मी मोबाईलच्या विरुद्ध नाही. आमचे निम्मे सभासद मालाच्या मागे बाहेरगावी असतात, त्यांची मते बुडतात, ही तक्रार खरी आहे. तो तरुण म्हणतो, "कागदही ठेवायचा तर मोबाईल कशाला?" त्याच्या प्रश्नात दम आहे. पण निकाल दोन मतांनी लागला आणि हरलेल्याने मोजणी पुन्हा मागितली, तर आम्ही त्याला काय दाखवणार? फोनची काच?

पुढील बैठकीत दरपत्रक टेबलावर येईल तेव्हा मी एवढेच म्हणणार आहे की, आधी पन्नास सभासदांवर एक खोटी निवडणूक घेऊन पाहा, त्यांत साठीच्या पुढचे दहा तरी असू द्या. मतदानाच्या दिवशी कंपनीचा माणूस आमच्या कचेरीत बसलेला हवा. आणि अर्धे पैसे निकालावर सर्व उमेदवारांच्या सह्या झाल्यावर. विकणारा आपलाच माणूस असेल, तर त्याला ही शर्त कबूल व्हायला हरकत नसावी.