आधी काट्यापाशी बसा

शिरपूर जैनच्या शिवारात सोयाबीन बहुधा एकटं नसतं. सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, तूर पुढे संक्रांतीपर्यंत उभी राहते. एकाच गटात दोन पिकं, दोन हंगाम.

१५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली, तेव्हा गावनमुना बारामधली पिकांची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची होती. टाटा ट्रस्टच्या मदतीनं पालघरमध्ये आधी प्रयोग झालेला होता. तरी पुढच्याच वर्षी अ‍ॅपची नवी आवृत्ती काढावी लागली. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदता येऊ लागली आणि चुकलेली नोंद शेतकऱ्यालाच ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली. सॉफ्टवेअर बनवण्याआधीच या गोष्टी विचारून घेता आल्या नसत्या का?

बऱ्याच अंशी आल्या असत्या. नोंद चुकते आणि ती चुकवणाऱ्यालाच दुरुस्त करायची असते, हे तलाठ्याच्या दप्तरापाशी दिवसभर बसणाऱ्याला कळतं. न विचारता घाई केली की किंमत कोण मोजतो, हे २०१७च्या कर्जमाफीत दिसलं. अर्ज ऑनलाइन भरून घेतले, बँकांकडून माहिती मागवली, ऐन दिवाळीत प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात झाली. मग याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकावर अनेक नावं निघाली. बँकेची नोंद आणि शेतकऱ्याचा अर्ज जुळवायचं काम, जे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, ते शेवटी अंगावर आलं. नवरा-बायको दोघांनी सेवा केंद्रावर रांगा लावून अंगठे दिले होते. पैशासाठी थांबावं लागलं तेही त्यांनाच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: काही गोष्टी वापरातूनच कळतात. २०१९च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच ठेवला नाही. बँकांच्या माहितीवरून याद्या लागल्या. शेतकऱ्यानं अंगठा देऊन रक्कम मान्य करायची, नाहीतर तक्रार नोंदवायची. हे शहाणपण कागदावरच्या नियोजनातून आलं असतं असं वाटत नाही. शिवाय काही गरजा आधी विचारून कळतच नाहीत, कारण त्या तेव्हा नसतातच. जुलै २०१६मध्ये राज्यानं अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. त्याआधी कुणी कितीही बारकाईनं अडत दुकानाचा प्रोग्राम आखला असता, तरी शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून अडत कापण्याचं सूत्र त्यात पक्कं बसलं असतं. वर्षभर बैठका घेऊन जाडजूड दस्तऐवज करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तरीही आमचा कौल आधी विचारण्याच्याच बाजूनं आहे. मात्र विचारायचं ते मालकाच्या केबिनमध्ये नव्हे. मालक सांगतो तो नियम; दिवाणजी जगतो ते अपवाद. शेतकऱ्याची हिशोबपट्टी हातात घेऊन पाहा. पोत्यांची संख्या, वजन, भाव, हमाली, तोलाई हे छापील रकान्यांत बसतं. पण पेरणीच्या वेळी घेतलेली उचल कुठे लिहिली आहे? माल ओला निघाला म्हणून काट्यावरच ठरलेली घट कुठे आहे? बापाच्या नावावर आलेला माल आणि मुलाच्या खात्यावर द्यायचे पैसे? हे सगळं पट्टीच्या कोपऱ्यात, पेनानं, दिवाणजीच्याच अक्षरात असतं. प्रोग्रामला तिथे जागा नसेल तर महिन्याभरात दुकानात वही परत येते आणि सॉफ्टवेअरचे पैसे पाण्यात जातात.

म्हणून खर्च करायचा तर अपवाद गोळा करण्यावर करावा. दर, कपाती आणि कायदा यांसारख्या बदलणाऱ्या गोष्टी दुकानदाराला स्वतः बदलता येतील अशा मोकळ्या ठेवाव्यात. बाकीचं थोडं थोडं बनवून वापरत सुधारावं. जे ठरलं ते साध्या मराठीत लिहून दुकानदार आणि सॉफ्टवेअर बनवणारा, दोघांनी सह्या कराव्यात, म्हणजे ‘हे सांगितलंच नव्हतं’ या वादाला जागा राहत नाही.

शिरपूर, मालेगाव, रिसोड भागातल्या पतसंस्था, भक्तनिवास आणि अडत दुकानांच्या चालकांना आमची विनंती आहे: आगाऊ रक्कम देण्याआधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला सोयाबीनच्या भर आवकेत एक दिवस काट्यापाशी किंवा खिडकीपाशी बसवा, आणि त्या दिवसाचे पैसे त्याला वेगळे द्या.