आजीचे बोल मराठीतच मुद्रित व्हावेत

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात २००३ साली ‘स्टोरीकॉर्प्स’ या संस्थेने ध्वनिमुद्रणाची एक लहानशी खोली उघडली. परिचित अशा दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे. अवधी चाळीस मिनिटे. संमती असल्यास ते मुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन होते.

टेक्सासमधील फ्रिस्कोला अशा खोलीची निकड अधिक. १९९० साली तेथे जेमतेम ६,००० वस्ती होती; २०२० च्या शिरगणतीत ती २,००,००० वर गेली. साहजिकच तेथील मराठी घरांच्या जुन्या आठवणी त्या गावच्या नव्हेतच. नातवंडांना भेटावयास आलेल्या आजीआजोबांबरोबर त्या येतात आणि त्यांच्याबरोबरच परत जातात. तेथील सार्वजनिक वाचनालयाने यासाठी एक खोली राखून ठेवावी.

मात्र मुद्रण मराठीतच व्हावे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची कथा आपल्यापर्यंत तोंडीच आली. नातवाच्या सोयीसाठी आजी इंग्रजीत बोलू लागली, की घाणा, मलिदा, ‘शनवार तेली’ हे शब्द गळतात व उरतो केवळ गोषवारा. नातवाने प्रश्न आधी मराठीत लिहून काढावेत. (उत्तरापेक्षा प्रश्न कठीण, हे कोणताही शिक्षक सांगेल.) “तुझे बालपण कसे गेले?” असे मोघम विचारू नये. “आजी, शब्बाथला घाणा बंद असे, तेव्हा घरात काय चाले म्हणून तुझी आजी सांगत असे?” असे विचारावे.